जलशापासून एकांकिकेपर्यंत : आपल्या रंगभूमीची ओळख

एप्रिल महिना जवळ आला की गावोगावच्या जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती बसवायची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, साऊंड कोठून आणायचा, यावर रात्री दहा-अकरापर्यंत चर्चा चालते. आमच्या भागातील अशाच एका बैठकीला मी बसलो असता अकरावीत शिकणारी एक मुलगी उठून उभी राहिली. मिरवणुकीच्या आदल्या रात्री आम्ही मुलांनी अर्ध्या तासाचे नाटक बसविले तर चालेल काय, एवढेच तिने विचारले. त्यावर एक ज्येष्ठ म्हणाले, "बाळ, नाचगाणे आणि तमाशा आपण छप्पन सालीच सोडून दिले." दुसरे एक उपासक म्हणाले, "नाटक मुळात बौद्धांना चालते का, तेच अगोदर बघा." मुलगी खाली बसली आणि चर्चा पुन्हा साऊंडवर गेली.

दोघेही ज्येष्ठ आदरणीय आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. परंतु तो अंशच आहे. संपूर्ण हकीकत त्या मुलीला कोणीतरी सांगावयास हवी होती. त्या रात्री मला ती नीट सांगता आली नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

प्रथम धम्माचा प्रश्न घेऊ. नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहणे यांपासून दूर राहण्याचे शील आहे, हे खरे. पण ते पंचशीलात नाही. ते उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या अष्टशीलात आणि भिक्खूंच्या नियमांत आहे. गृहस्थ उपासकाला रोजच्या जीवनात नाटक वर्ज्य आहे असे त्यावरून ठरत नाही. मात्र तेवढे सांगून हा प्रश्न सुटला असे समजू नये, कारण खुद्द भगवान बुद्धांनी नटाच्या व्यवसायाबद्दल एका ठिकाणी फार कठोर उत्तर दिलेले आहे.

संयुत्त निकायातील गामणि संयुत्तात तालपुट नावाच्या एका नटप्रमुखाची कथा येते. त्याने भगवंतांना विचारले, "रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसविणारा नट मेल्यानंतर हसऱ्या देवांच्या लोकात जन्मतो असे आमचे जुने आचार्य सांगत आले. आपले मत काय?" भगवंतांनी हा प्रश्न विचारू नकोस म्हणून टाळले. तालपुटाने पुन्हा पुन्हा आग्रह धरल्यावर त्यांनी सांगितले की, प्रेक्षक आधीच लोभ, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात आणि नट त्यांच्यासमोर तेच वाढविणारे विषय आणतो, म्हणून त्याची गती चांगली होत नाही. तालपुट रडू लागला. भगवंत कठोर बोलले म्हणून तो रडत नव्हता. इतकी वर्षे आपल्याला आपल्याच आचार्यांनी फसविले याचे त्याला दुःख झाले होते. पुढे तो भिक्खू झाला आणि थेरगाथेत त्याच्या नावावर एक मोठी रचना आहे.

या कथेत आक्षेपाचे कारण स्पष्ट सांगितलेले आहे आणि तेच महत्त्वाचे आहे. नाटक प्रेक्षकांत काय वाढविते, ही येथे कसोटी आहे. ती कसोटी लावली तर आजच्या कित्येक दूरदर्शन मालिका आणि आपल्या मिरवणुकीतील निम्मी गाणी नापास होतील, हे कबूल करावे लागेल. उलट पुढील काळातील बौद्धांनी रंगभूमी टाकून दिली नाही. बुद्धचरितकार अश्वघोषाने सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या धम्मप्रवेशावर 'शारिपुत्रप्रकरण' हे नऊ अंकी नाटक लिहिले. मध्य आशियातील तुर्फान येथे ताडपत्रांचे तुकडे सापडले, ते जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी १९११ साली प्रसिद्ध केले, तेव्हा जगाला या नाटकाचा पत्ता लागला. आज उपलब्ध असलेल्या संस्कृत नाटकांच्या अवशेषांत हे अत्यंत जुने मानले जाते. विशेष म्हणजे एवढ्या गंभीर विषयाच्या नाटकातही विदूषक आहे.

आता पहिल्या ज्येष्ठांचे म्हणणे. "आपण सोडून दिले." काय सोडून दिले, हे पाहण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. तुळजापूर येथे गोंधळ्यांची परंपरा आहे. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर गण, आवाहन आणि मग रात्रभर चालणारे आख्यान. यात कथा आहे, संवाद आहे, सोंग आहे, साथीदाराने मधेच विचारलेले भाबडे प्रश्न आहेत. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली शाळा कोठे मिळणार? अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाकडे वाघ्या-मुरळी, देवीच्या जत्रांतून आराधी आणि पोतराज. यांतील कितीतरी कलावंत गावकुसाबाहेरचे होते. त्यांचा गळा, त्यांची पावले, त्यांची हजरजबाबी वाणी साऱ्या गावाला हवी असे, पण गावात त्यांना जागा नव्हती. मुलगी देवाला सोडली जाई आणि पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढून भाकरी मागे. धम्मदीक्षेनंतर हे सारे सोडणे आवश्यकच होते. त्याबद्दल कोणी हळहळ करीत असेल तर ती व्यर्थ होय.

तमाशाचेही तसेच. पट्ठे बापूराव हे जन्माने कुलकर्णी. त्यांच्या कवनांना लोकांच्या काळजापर्यंत नेले ते हिवरगावच्या पवळाबाईंनी, आणि पवळाबाई महार समाजातील होत्या. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले व आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. सत्याग्रहाला पैशाची किती निकड असेल याची कल्पना केली म्हणजे त्या नकाराचे मोल कळते. आजही एखादी मुलगी नाटकात काम करते म्हणाली की घरातील आजी "नाचायला जाणार का?" असे विचारते. तो प्रश्न या जखमेतून येतो. तो हसण्यावारी नेऊ नये.

परंतु येथेच आपल्या ज्येष्ठांकडून हिशेबात एक चूक होते. समाजाने गुलामीची कला सोडली, कला सोडली नाही. उलट तमाशाचाच साचा उलटा करून समाजाने स्वतःचे हत्यार घडविले. त्याचे नाव जलसा.

मराठी रंगभूमीचा जन्म आपण ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीता स्वयंवर' या प्रयोगापासून मोजतो आणि त्या दिवशी रंगभूमी दिन साजरा करतो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात देवदेवता नाहीत. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, ग्रहदशेची भीती घालून त्यांना कर्जात लोटणारा जोशी, आणि मधूनमधून येऊन प्रेक्षकांना सत्य सांगणारा विदूषक आहे. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयास निघतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले होते, तेथे ते स्वीकारले गेले नाही. लोकांसमोर छापील रूपात यावयास त्याला सव्वाशे वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागली. अश्वघोषाचा विदूषक मध्य आशियाच्या वाळूत आणि जोतीरावांचा विदूषक कागदांच्या गठ्ठ्यात, अशी दोघांची गत झाली.

जोतीरावांच्या अनुयायांनी मात्र वाट पाहिली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. जलशाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तमाशाचे चार भाग असतात : गण, गौळण, बतावणी आणि वग. गणात गणपतीला वंदन, गौळणीत कृष्ण व गवळणींची छेडछाड, बतावणीत हजरजबाबी विनोद आणि वगात संपूर्ण कथानक. प्रेक्षकांच्या हा क्रम अंगवळणी पडलेला होता. जलसाकारांनी क्रम तसाच ठेवला आणि आतील माल बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाला किंवा जोतीरावांना वंदन आले. गौळणीची थट्टा श्रृंगाराकडून भिक्षुकशाहीकडे वळली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, भटजी, पाटील आणि शेतकरी उभे राहिले. लावणी गेली. ढोलकी, तुणतुणे, झांज मात्र राहिली. ज्या ढोलकीच्या आवाजाने माणूस घराबाहेर येत होता, त्याच ढोलकीने त्याला विचारांपर्यंत आणले.

आंबेडकरी जलसा हा याच घराण्यातील पुढचा पुत्र. १९३० च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आकार दिला. मेलेली गुरे ओढू नका, वतनाच्या तुकड्यासाठी गावची गुलामी करू नका, दारू सोडा, मुलांना शाळेत घाला, हे विषय त्यात होते. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार हे त्या काळचे ताजे प्रसंगही त्यात होते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला हे सर्व कळले ते जलशातून. बाबासाहेबांनीही कर्डकांच्या एका जलशाची योग्यता आपल्या अनेक सभांच्या बरोबरीची मानली, असे सांगतात. कर्डकांनी या जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला एवढी तरी माहिती मिळते. कित्येक जलसाकारांच्या वह्या मात्र पावसाळ्यातील गळक्या छपराखाली संपल्या.

आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सभा घ्यावयाची तर सरकारी परवानगीचे झंझट असे. शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात होती आणि विचारांची ये-जा त्या बाजूने होत असे. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील केवढी मोठी घटना! वतनाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत तेथे मांडला गेला, तोच प्रश्न जलशातील वगात एका म्हाताऱ्या वतनदाराच्या आणि त्याच्या शिकलेल्या मुलाच्या भांडणातून मांडला जाई. या परिषदेवर आजवर आपल्या मुलांनी एखादी एकांकिका का लिहू नये? विषय दाराशी आहे, परिषदेच्या आठवणी वाडवडिलांकडून ऐकलेली माणसे अजून भेटतात.

बार्शीचाच आणखी एक धागा आहे. शाहीर अमर शेख बार्शीचे. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य बनविले आणि गणातून गणपतीऐवजी कष्टकरी आणि मातृभूमी यांना वंदन केले. त्यांची शाळा दीड दिवसाची, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

नाटक या अर्थाने पाहिले तर मराठवाड्याला एक मान आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय सुरू केले, त्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्यतेचा प्रवास त्यात आहे. विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. म्हणजे "आपण छप्पन साली नाटक सोडले" असे जे म्हणतात, त्याच छप्पन साली, त्याच नागपुरात, जमलेल्या समाजासमोर नाटक झाले! हे मी त्या बैठकीत सांगावयास हवे होते.

पुढचा इतिहास थोडक्यात. दलित पँथरनंतरच्या काळात दलित रंगभूमी जोमाने उभी राहिली. नांदेडचे प्रा. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा', प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आणि 'किरवंत', भि. शि. शिंदे यांचे 'काळोखाच्या गर्भात', टेक्सास गायकवाड यांचे 'आम्ही देशाचे मारेकरी', प्रकाश त्रिभुवन यांचे 'थांबा, रामराज्य येतंय', संजय पवार यांचे 'कोण म्हणतं टक्का दिला?' ही नावे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावीत. यांतील 'वाटा-पळवाटा' आधी वाचावे असे मी सुचवीन. काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण अर्जुन ही चळवळीच्या तीन पिढ्यांची माणसे एकाच घरात वाद घालतात आणि नाटककार कोणालाही फुकट जिंकू देत नाही. आपलेच नाटक आपल्याला प्रश्न विचारते, ते मला महत्त्वाचे वाटते. केवळ जयजयकार असलेली नाटके मी पुष्कळ पाहिली आहेत, दुसऱ्या दिवशी त्यांतील काही आठवत नाही.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १४ जानेवारी १९९४ या सोळा वर्षांच्या लढ्यात मराठवाड्यातील गावोगावी शाहीर आणि कलापथके फिरली. त्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात 'गावकी'कार डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाचा अभ्यास शिकविला. आणि खेड्यातील मुलांनी काय करावे असे कोणी विचारले तर जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथील शेतकरी राजकुमार तांगडे यांचे उदाहरण आहे. विजेच्या आकड्यावर नाटक लिहिणाऱ्या या गृहस्थांनी २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिले, शाहीर संभाजी भगत यांची संकल्पना, नंदू माधव यांचे दिग्दर्शन आणि बहुतेक नट मराठवाड्याच्या खेड्यांतले. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. आपल्या धाराशिवलाही २०१७ च्या एप्रिलमध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. मांडव उठला, पण पुढे तालुक्याच्या ठिकाणी किती नाटके उभी राहिली, हे ज्याचे त्याने मोजावे.

आता ज्यांना प्रत्यक्ष करावयाचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

सुरुवात तीन अंकी नाटकाने करू नये. महाविद्यालयीन युवक महोत्सवात साधारणपणे एकांकिकेला तीस मिनिटे, प्रहसनाला दहा आणि मूकाभिनयाला पाच मिनिटे मिळतात. गावातही तेवढेच माप धरावे. सहा ते नऊ मुलेमुली पुरतात. तालमीला बुद्धविहारासारखी जागा नाही, फक्त वंदनेची वेळ सोडून. रोज दीड तास याप्रमाणे पाच-सहा आठवडे तालीम हवी आणि पहिले आठ दिवस नुसते वाचन. मुले पहिल्याच दिवशी हातवारे करू लागतात, त्यांना थांबवावे. शब्द तोंडात बसला की हात आपोआप हलतो.

बोली बदलू नये. आमच्या विद्यार्थीदशेत एका स्पर्धेत आम्ही आमच्या गावच्या बोलीत एकांकिका केली, तर परीक्षकांपैकी एकाने भाषा अशुद्ध म्हणून गुण कापल्याचे नंतर कळले. त्या रात्री आम्ही बसस्टँडवर बसून ठरविले की पुढल्या वर्षी पुस्तकी भाषेत करायचे. केले, आणि अत्यंत वाईट केले. 'तृतीय रत्न'मधील कुणब्याची बायको कोणत्या भाषेत बोलते हे तेव्हा कोणी दाखविले असते तर एक वर्ष वाया गेले नसते.

मुलींच्या पालकांना भेटण्यासाठी दिग्दर्शकाने स्वतः घरी जावे. तालीम किती वाजता सुटेल, सोबत कोण येईल, हे सांगावे आणि पाळावे. शक्य असल्यास आईला एका तालमीला बसवावे. पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन काम भागविण्याचा जलशाचा काळ गेला. माईसाहेबांची, रमाईची भूमिका मुलगा करतो आणि प्रेक्षक हसतात, हे आपण अजून किती दिवस पाहायचे?

काही व्यवहार आहेत. दुसऱ्याची संहिता घेतली तर लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि मागेल ते मानधन द्यावे, चळवळीचा लेखक म्हणून त्याला फुकटात गृहीत धरू नये. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी संहिता आगाऊ पाठवावी. लाऊडस्पीकरला पोलीस ठाण्याची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा आहे, म्हणून खेळ आठला सुरू व्हावा. प्रकाशयोजनेसाठी दोन हॅलोजन पुरेसे आहेत. माईकच्या भरवशावर राहू नये, शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्याला ऐकू गेले पाहिजे. ज्यांना यातच पुढे शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी आपल्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पुण्याचे ललित कला केंद्र आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही ठिकाणे आहेत. शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी.

त्या अकरावीच्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. बैठक संपल्यावर मंडळाच्या खजिनदारांनी तिला बोलावून मिरवणुकीच्या आदल्या रात्रीचा अर्धा तास देऊ केला, साऊंडच्या पैशाला हात न लावण्याच्या अटीवर. तिने आजोबांकडून ऐकलेली गुरे ओढण्याच्या बंदीची गोष्ट घेतली, सात मुले जमविली आणि विहाराच्या ओट्यावर नाटक केले. तिच्या आजीने पहिल्या रांगेत बसून ते पाहिले. संहिता वहीच्या अकरा पानांची आहे. यंदा ती मंडळाकडे पंचेचाळीस मिनिटे मागणार आहे.